शेंदराच्या दोन वाट्या

मामंजींशी मी बोललेलं पहिलं वाक्य एका जीपच्या मागच्या धुऱ्याबद्दल होतं. लग्न होऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं असेल. तोवर सासऱ्यांचं आणि माझं जे काही बोलणं व्हायचं ते आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या मार्फत. मामंजी ओसरीवर बसून म्हणायचे, "च्या व्हईल का?" आणि आत्याबाई घरात असोत नाहीतर शेतात, ते वाक्य त्यांनाच उद्देशून असायचं. मी चहा करायची, उंबऱ्याच्या आत कपबशी ठेवायची, बांगड्या वाजवायची आणि मागे सरायची. मामंजी काही वळून बघायचे नाहीत. चहा तिथेच गार व्हायचा. मला वाटायचं, माणूस करारी आहे, सुनेच्या बांगड्यांना दाद देत नाही. माहेरी गेल्यावर आईला मी तसं रंगवून सांगितलंही होतं.

माझं माहेर विंझरचं, सासर किकवीचं. मधे अंतर फार नाही, पण आमच्याकडे वेल्ह्याच्या अंगाला भात आणि नाचणी, आणि इकडे हमरस्त्याच्या कडेला ज्वारी-बाजरी. तांदळाची भाकरी मी डोळे मिटून थापली असती. ज्वारीची माझ्या हातात फुटायची, परातीतच तिचा नकाशा व्हायचा. आत्याबाई चुलीकडे पाठ करून बसलेल्या असल्या तरी न बघता सांगायच्या, "कडंला जाड ऱ्हायली बग." मी चकित होऊन विचारायची, तुम्हाला कसं कळलं. "थापायचा आवाज बदलला की," त्या म्हणायच्या. त्या बाईचा कान असा होता. गोठ्यातली कुठली गाय उठली ते त्यांना घरात बसून कळायचं, आणि रस्त्यावरून कुणाचा टेम्पो गेला तेही. घरात सदा आवाज. पुढे ट्रकांची घरघर, शेडमध्ये हातोडा, मागे गोठा, आणि मधे आम्ही दोघी माडगं ढवळत बसलेल्या. हुलग्याचं माडगं मला त्या घरानं शिकवलं. अजूनही ताप आला की मला तेच लागतं, सून कितीही सूप म्हणो.

घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याची शेड होती. सगळा रस्ता मामंजींना अण्णा म्हणायचा. अण्णा इंजिनाला हात लावत नसत, ब्रेक बघत नसत, रंगकामाची तर गोष्टच सोडा. ते फक्त मागचा धुरा करायचे. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधे खाली जो लोखंडी फुगवटा दिसतो ना, त्याच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. एक ताटलीएवढं, ते क्राऊन. दुसरं पेल्याएवढं, ते पिनियन. इंजिनाकडून आलेलं फिरणं पिनियन क्राऊनला देतं, आणि क्राऊन चाकांना. या दोघांचे दात एकमेकांत कुठं आणि किती बसतात यावर सगळं अवलंबून. केसभर वरवर बसले की गाडी बारीक सुरात रडायला लागते, आणि रडत रडत स्वतःचेच दात खाऊन टाकते. ते नीट बसलेत का हे कळायला एकच उपाय. दातांना रंग लावायचा, हाताने चाक फिरवायचं, आणि रंग कुठं दाबला गेला ते बघायचं. त्या खुणेला आमच्या शेडमध्ये ठसा म्हणायचे.

आता यासाठी पिवळ्या मलमाची ट्यूब मिळते. तेव्हा किराणा दुकानातला शेंदूर आणायचा आणि तेलात कालवायचा. शेंदूर विषारी, पण ते कोण बघतो. आत्याबाई मात्र कालवून झालं की राखेनं हात खसाखसा घासायच्या आणि मला वाट्यांना शिवू द्यायच्या नाहीत. शेडच्या कोपऱ्यावर मारुतीचा दगड होता. धुरा कुणाचाही असो, आधी मारुतीला शेंदूर, मग दातांना, हा नेम. मारुतीला अण्णा लावायचे. दातांना आत्याबाई, जुन्या दात घासायच्या ब्रशनं. कारण अण्णांचे दोन्ही हात चाक धरण्यात गुंतलेले आणि ग्रीसनं माखलेले असायचे.

धुरा बसवून झाला की दुसरा नेम. गाडी अण्णा स्वतः चालवून बघायचे, कापूरहोळच्या फाट्यावरून भोर रस्त्याला चढापर्यंत आणि परत. आणि त्या फेरीत आत्याबाई मागच्या बाकावर बसायच्याच. डोक्यावरून घट्ट पदर, मांडीवर हात, अगदी धुऱ्याच्या डोक्यावर. सगळा रस्ता चिडवायचा. "काय अण्णा, वैनींना फिरवून आणलं का?" अण्णा मिशीत हसायचे, आत्याबाई लटक्या रागानं पदर सारखा करायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. आमचे हे शिरवळला एका कारखान्यात पाळीला जायचे आणि मला नसरापूरच्या बाजाराला न्यायचं म्हटलं तरी चार दिवस विचार करायचे. इथे सासूबाई महिन्यातून पाच गाड्यांमधून फिरून येतात, त्याही दरवेळी वेगळ्या!

त्या उन्हाळ्यात आत्याबाई विहिरीच्या पायरीवरून घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. तीन महिने खाटेवरून उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. खाट आम्ही ओसरीच्या आतल्या बाजूला टाकली, तिथून त्यांना शेड दिसायची. त्यानंतर अण्णांनी केलेलं पहिलं काम एका दुधाच्या टेम्पोचं. तो पंधरा दिवसांत परत आला, रडत. अण्णांनी मुकाट्यानं पुन्हा खोलला. पण रस्त्याला तोंड असतं. अण्णाचा हात गेला, असं टपरीवर बोललं जायला लागलं. कामं पुढच्या गावी जायला लागली. ह्यांनी एकदा जेवताना विषय काढला. "अण्णा, आता बास करा. वय झालं. शेड भाड्यानं देऊ." अण्णांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "बबनची जीप येतीय बुधवारी," ते म्हणाले. "ती परत आली तर शेडला मी सवता कुलूप घालतो. तुला सांगाया लागायचं न्हाई." मग ते जेवले नाहीत. मी आतून बघत होते. मला त्या घरात येऊन सव्वा वर्षच झालं होतं, पण एवढं कळत होतं की शेडला कुलूप लागलं तर हा माणूस ओसरीवर बसून बसून संपेल.

बबन वेल्ह्याचा. नसरापूर ते वेल्हे वडाप करायचा, जीपमध्ये भरून माणसं न्यायचा. वाटेत विंझर, म्हणजे माझं माहेर त्याच्याच जीपमधून ये-जा करायचं. लग्नसराई ऐन भरात, बबनला घाई. "अण्णा, एक दिस गाडी हुभी ऱ्हायली तर लोक मला शिव्या घालत्यात," असं म्हणत तो शेडमध्ये येरझारा घालत होता. धुरा खोलून, नवे दात आणून, बसवून झाले. आता शेंदूर. आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "सुमन, तू कालव आज. डब्यात हाय बग." मला अभिमान वाटला, आणि देवाचं काम म्हणून अंघोळ करून, नवी वाटी घेऊन, छान घट्ट, लोण्यासारखा शेंदूर कालवला. आधी मारुतीला दिला. मग तीच वाटी घेऊन दातांपाशी बसले आणि पदर आवरत एकेका दाताला मनोभावे लेप दिला. मामंजी तोंड वळवून उभे होते, सुनेनं समोर बसून काम करायचं म्हणजे दोघांनाही अवघड. मग त्यांनी क्राऊनवर लाकडाचा दाब देऊन पिनियन फिरवलं आणि वाकून बघितलं. ठसा उमटला होता, चांगला ऐसपैस, दाताच्या मधोमध. ते बघत राहिले, जरा जास्तच वेळ. एकदा तोंड उघडलं, मिटलं. "हूं," म्हणाले, आणि धुरा बंद करायला घेतला.

गाडी फिरवून आणायची वेळ झाली. मामंजी चालकाच्या जागेवर बसले, बबन शेजारी. आतून आत्याबाईंची खणखणीत हाक आली, "पोरीला न्या मागं." मामंजी क्षणभर थांबले. सासरा गाडी चालवतोय आणि सून मागे बसलीय, हे किकवीत कुणी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आत्याबाईंना माझी दया आली, हौस पुरवतात. मी मागच्या बाकावर बसले, टपरीवरची माणसं बघत होती म्हणून पदर नाकापर्यंत ओढला. जाताना सगळं ठीक. चढावरून वळलो, उतार लागला, मामंजींनी अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, आणि माझ्या बुडाखालून एक बारीक सूर निघाला. ऊंऽऽ. भुंगा बाटलीत अडकावा तसा. पाय दाबला की सूर गायब. पुन्हा काढला की पुन्हा. बबन सारखा बोलत होता, त्याच्या गाडीचं हूड खडखडत होतं, त्याला कुठला ऐकू यायला. मला वाटलं, मामंजी समोर बसलेत, या कामात हयात घालवलेला माणूस, त्यांना ऐकू आलंच असणार. ते गप्प आहेत म्हणजे चालत असेल असंच. आणि समजा नसेल चालत, तरी मी कोण बोलणारी? शेडपाशी आल्यावर मामंजींनी विचारलं, "कशी वाटती?" ते समोरच्या काचेकडे बघत होते. बबन म्हणाला, "झक्कास, अण्णा!" मी काही बोलले नाही. बबन गाडी घेऊन गेला.

आत गेले तर आत्याबाई वाटच बघत होत्या. "काय ऐकलंस?"

"काय म्हंजे? काही नाही. उतारावर जरासं…"

त्या कोपरावर उठल्या, दुखण्यानं चेहरा पिळवटला. "जरासं काय? नीट सांग."

मी सांगितलं. त्या पुन्हा आडव्या झाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना ते ऐकूच येत न्हाई गं. चार वर्सं झाली. हातोड्यापायी गेला कान. समोर बसून बोललं की कळतंय. पर गोंगाटातला बारीक आवाज गेला."

मला आधी बांगड्या आठवल्या. उंबऱ्याआतला गार चहा आठवला. आईला मी काय काय सांगितलं होतं ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"ते कशाला सांगत्याल? आन मी कशाला इचारू? मला दिसलं. मग म्या गाडीत बसाया लागले. परत आल्यावर म्हनायचं, 'आज कमर लई दुखली, गाडी कन्हती जनू.' तेवढं बास व्हायचं. ते परत खोलायचे. ना त्यांनी कधी काय म्हटलं, ना म्या." त्यांनी माझं मनगट धरलं. "आता तू सांग त्यांना."

"मी? मामंजींना? तुम्हीच सांगा ना."

"म्या कसं सांगू? म्या काय गाडीत हुते का? आन माझ्या त्वांडून आलं तर त्यांना वाटंल, हिनं पोरीला समदं सांगितलं."

बायकांच्या जिभेला हाड नसतं म्हणतात. चार वर्षं नवऱ्याची लाज राखायला गाड्यांच्या मागच्या बाकावर आदळत बसणारी ही बाई, आणि मी तिचा हेवा करत होते. मला रडू आलं. मला अजूनही येतं.

मामंजी शेडमध्ये ब्रश धूत होते. मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, मग दुसरं. ते पाठमोरे. मी बोलले असते तरी कळलं नसतं, हे आता मला माहीत होतं. म्हणून फिरून पुढे गेले, त्यांच्या समोर उभी राहिले, आणि तोंडावरचा पदर मागे सारला, कारण ओठ दिसायला हवेत. हे मी कधीही केलं नव्हतं. "मामंजी, उतारावर पाय काढला की जीप आवाज करते," मी म्हणाले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, "कसा?"

आता आवाज कसा हे सांगायचं कसं? मी ओठांचा चंबू केला आणि ऊंऽऽ केलं. सासऱ्यासमोर उभी राहून. मामंजींनी डोळे बारीक केले. "पाय दाबल्यावर?" मी मान हलवली. "फकस्त काढल्यावर?" मी होकार दिला. त्यांनी ब्रश वाटीत ठेवला. "मंजी दाताची मागची बाजू. पाय काढला की जोर तिच्यावर येतो," ते स्वतःशीच म्हणाले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "शेंदूर जाड हुता. मला दिसलं हुतं. जाड शेंदूर खोटा ठसा देतो, पसरतो समदीकडं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पयल्यांदा हात लावला हुतास," मामंजी म्हणाले. "आंघूळ करून आल्तीस. तुला कसं टोकायचं?"

आत्याबाई वाट्या दोन का करायच्या हे तेव्हा मला कळलं. घट्ट मारुतीची, आणि दातांची तेलासारखी पातळ, इतकी की खालचं लोखंड दिसलं पाहिजे. मी सव्वा वर्ष दोन वाट्या बघत होते आणि दोन का, हे कधी विचारलं नव्हतं. त्या घरात कुणी कुणाला काही विचारतच नव्हतं, सगळे एकमेकांना इतके जपत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी धुतलेलं धोतर नेसून ओसरीत उभे राहिले आणि प्रथमच आपणहून मला म्हणाले, "चल. वेल्ह्याला." जीपची काही तक्रार नव्हती, बबन खूश होता. दात झिजून गाडी खरंच बोंबलायला सहा महिने लागले असते, आणि तोवर दोष बबनच्या चालवण्यावर सहज ढकलता आला असता. असं करणारे मी पुढे पुष्कळ बघितले. आम्ही एसटीत बसलो, मामंजी पुढे, मी दोन बाकं मागे. आता सासरा सकाळच्या गाडीनं सुनेला घेऊन तिच्या माहेरच्या वाटेला लागला म्हणजे बघणाऱ्यानं काय समजायचं? आमच्या आळीतल्या पारूमावशी गाडीत होत्या. त्या सरकत सरकत माझ्याजवळ आल्या आणि कानात म्हणाल्या, "काय झालं गं बाई? धाडून देत्यात व्हय?" मी म्हटलं, "न्हाई मावशी, जीप खोलायची आहे." त्यांचा विश्वास बसला नाही. विंझरच्या थांब्यावर मी उतरले नाही तेव्हा तर त्या हात जोडून माझ्याकडे बघत राहिल्या.

वेल्ह्याच्या स्टँडवर बबनची जीप भरलेली. एका लग्नाचं वऱ्हाड, टपावर पत्रावळ्यांचे गठ्ठे. मामंजी सरळ पुढे जाऊन उभे राहिले. "बबन, मानसं उतरव. गाडी परत न्यायची हाय."

"का वो अण्णा? गाडी मस्त पळतीया."

"धुरा वाजतोय."

बबन हसला. "कुठं वाजतोय? मला तर कायबी ऐकू येत न्हाई."

भोवती माणसं जमली होती. पारूमावशीही वेल्ह्यापर्यंत आल्या होत्या, काम नसताना. मला वाटलं, मामंजी आता काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. बोल्ट सैल राहिला, तेल कमी पडलं, काहीही चाललं असतं. मामंजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मलाबी येत न्हाई," ते म्हणाले, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा त्यांचा मोठा होता, स्टँडभर गेला. "माझा कान गेलाय, बबन. चार वर्सं झाली. ही माझी सून. हिला येतंय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जन्मात इतकी उंच उभी राहिले नसेन. मी मान खाली घातली नाही. बबननं वऱ्हाड दुसऱ्या गाडीत बसवलं, जरा कुरकुरत, पण बसवलं.

परत आल्यावर मी आत्याबाईंच्या देखत दोन वाट्या कालवल्या. मारुतीची आधी. मग पातळ शेंदूर दातांवर, पुढच्या बाजूला आणि मागच्याही. मामंजींनी फिरवलं आणि मला म्हणाले, "तू बग. कुठं हाय?" पुढच्या बाजूला ठसा जरासा वर होता. मागच्या बाजूला चांगलाच, अगदी दाताच्या कडेला चढून बसलेला, नखाएवढा. "वर हाय मामंजी, कडेला." "मंजी पिनियन उथळ. आत सरकवाया पायजे." त्यांनी डब्यातून शिम काढली, कागदासारखी पातळ पोलादी चकती, आणि माझ्या बोटांत दिली. "जाडी बग." मला काही जाडी लागेना. "हेवड्यासाठी समदं," ते म्हणाले. पुन्हा उतरवलं, शिम पिनियनच्या मागे घातली, पुन्हा बसवलं, क्राऊनचं अंतर पुन्हा जुळवलं. ठसा खाली आला, पण पुरता नाही. आणखी एक शिम. दुपार कलली. तिसऱ्या वेळी मी पुसून, शेंदूर लावून बघितलं आणि मला ते न सांगताच कळलं. दोन्ही बाजूंना ठसा मधोमध बसला होता, शेंगदाण्यासारखा लांबट, कडा सोडून.

त्या शेडला कुलूप लागलं नाही. त्यानंतर वेल्ह्याच्या तीन जीपा त्याच महिन्यात आल्या, बबननंच पाठवलेल्या. मामंजींनी पुढे वीस वर्षं काम केलं आणि मग माझ्या मुलानं हाती घेतलं. आता ठिकठिकाणची पोरं मला मोबाईलवर दातांचे फोटो पाठवतात, "आजी, बघा ना ठसा." मी चष्मा लावून बघते. निम्म्यांनी रंग जाड लावलेला असतो. मी लगेच टोकते, मुळीच भीड ठेवत नाही. पण मला त्या दिवसाचं सांगायचंय ते एवढ्यावर संपत नाही.

गाडी फिरवून बघायला निघालो तेव्हा मामंजी म्हणाले, "पुढं बस." बबन मागे गेला. चढ झाला, वळलो, उतार लागला. मामंजींनी पाय काढला आणि रस्त्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघायला लागले, मला भीती वाटली आपण शेतात जातो की काय. "न्हाई मामंजी," मी म्हणाले. "आवाज न्हाई." त्यांनी दाबला, काढला, दाबला, काढला. न्हाई, न्हाई, न्हाई. तरी त्यांचं समाधान होईना. खाली सपाटीला त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. इतक्या वर्षांत आत्याबाईंना जे विचारता आलं नव्हतं ते सगळं त्यांना आता विचारायचं होतं बहुतेक. "दुसरं कायबी येत न्हाई ना? बेअरिंग? काय खुट्ट?"

"न्हाई मामंजी. काहीच न्हाई. पावशा ओरडतोय तेवढा."

"कोन?"

"पावशा. तिकडं, आंब्यात कुठंतरी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आंब्याकडे. मग हलकेच म्हणाले, "पावशा येत न्हाई आता. रस्त्याला वड तोडलं ना, तवापासनं न्हाई. चार वर्सं झाली." मागून बबन म्हणाला, "असं कसं अण्णा, रोज वराडतोय की त्यो, सकाळपासनं," पण ते त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं. "हाय मामंजी. आत्ता ओरडतोय." त्यांचा हात गिअरवर होता तो तसाच राहिला. "करून दाव," ते म्हणाले. मी केलं. पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, चढत्या सुरात, त्याच्यासारखंच. मामंजी माझ्या ओठांकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

घरी आल्यावर चाक न तपासता, हात न धुता, ते सरळ आत्याबाईंच्या खाटेपाशी गेले आणि उभे राहिले. "पावशा हाय म्हनं अजून," ते म्हणाले.

आत्याबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "हाय की."

"तू ऐकत हुतीस?"

"दर वर्साला."

"मग म्या म्हनायचो, आता येत न्हाई, तवा व्हय व्हय का म्हनायचीस?"

आत्याबाईंनी त्यांचा शेंदरानं आणि ग्रीसनं माखलेला हात ओढून त्यांना खाटेवर बसवलं. मग तोंड त्यांच्या समोर आणून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तुमाला येत नव्हता ऐकाया. मग म्या एकलीनं ऐकून काय करायचं हुतं?"

आणि माझ्याकडे वळून त्यांनी मला चहा टाकायला सांगितलं.